बघत बसण्याचे शास्त्र

१. होडीतला प्रश्न

ऐरोलीच्या दिवानगर भागात, खाडीकाठी, वनखात्याच्या कांदळवन कक्षाचे जे किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आहे, तेथून हिवाळ्यात होडीत बसून रोहित पक्षी पाहावयास जाणाऱ्या मंडळींत दहा-वीस छायाचित्रे टिपून संतुष्ट होणाऱ्यांचा भरणा अधिक असतो. परंतु त्याच होडीत कधी एखादा अभ्यासकही असतो, जो दुर्बीण डोळ्यांस लावून व मांडीवर वही उघडी ठेवून मुकाट्याने आकडे मांडीत बसतो, आणि त्याच्याकडे पाहून कोणी ना कोणी विचारतेच, की हे असे दर वर्षी बघत बसून मिळते काय, आणि ह्यात शास्त्र ते कोणते?

प्रश्न रास्त आहे. शास्त्र म्हटले की काचेच्या नळ्या, सूक्ष्मदर्शक आणि पांढरा डगला हेच आपल्या डोळ्यांपुढे येते. खाडीत चिखलावर नजर लावून बसलेला मनुष्य त्या चित्रात बसत नाही. वस्तुतः त्या वहीतल्या आकड्यांमागेही रीत असते. समोरच्या थव्यातले पन्नास पक्षी एकेक करून मोजावयाचे, ते केवढ्या जागेत मावले हे नजरेत धरावयाचे, आणि तेवढ्या जागा साऱ्या थव्यात किती भरतात ते पाहावयाचे. चाळीस भरल्या तर थवा अदमासे दोन हजारांचा. हाच हिशेब त्याच ठिकाणी, त्याच ऋतूत, वर्षानुवर्षे मांडला म्हणजे पक्षी वाढले की घटले हे सांगता येते. ठाणे खाडीचा सुमारे १,६९० हेक्टर भाग २०१५ साली रोहित पक्ष्यांचे अभयारण्य म्हणून जाहीर झाला आणि २०२२ साली ह्या खाडीची गणना रामसर करारातील पाणथळ जागांत झाली, त्यामागेही असल्याच वह्यांचे पाठबळ होते.

मात्र ह्या प्रश्नाचे सर्वांत भरभक्कम उत्तर ज्या एका आयुष्याने दिले, ते आयुष्य पक्ष्यांच्या नव्हे, चिंपांझींच्या सहवासात गेले. जेन गुडाल ह्या विदुषी १ ऑक्टोबर २०२५ रोजी, वयाच्या एक्याण्णवाव्या वर्षी, कॅलिफोर्नियात व्याख्यानांच्या दौऱ्यावर असतानाच निवर्तल्या. त्याच्या आदल्याच वर्षी, नोव्हेंबरात, त्या भारतात येऊन गेल्या होत्या. त्यांचे स्मरण करावयाचे तर गौरवपर विशेषणांची रास घालण्यापेक्षा त्यांनी नेमके काय केले, आणि ते शास्त्र का ठरले, हे समजून घेणे अधिक उचित.

२. महाकपी कोण?

पुढे जाण्यापूर्वी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. आपल्या देवळांच्या आवारात दिसणारी लाल तोंडाची माकडे आणि काळ्या तोंडाची वानरे ह्या दोघांनाही शेपटी असते. ज्यांना शेपटी मुळीच नाही, ज्यांचा मेंदू शरीराच्या मानाने मोठा आहे आणि ज्यांचे बालपण वर्षानुवर्षे लांबते, त्या प्राण्यांचे कुळ वेगळे. त्यांना कपी म्हणतात. त्यांतले चिंपांझी, बोनोबो, गोरिला आणि ओरांगउटान हे मोठ्या देहाचे म्हणून महाकपी. चिंपांझी आणि मनुष्य ह्यांच्या आनुवंशिक द्रव्याची ओळीने तुलना केली असता सुमारे ९८.८ टक्के जुळणी आढळते. ‘मग चिंपांझी अजून माणूस का झाला नाही?’ असे पुष्कळजण विचारतात. त्याचे उत्तर असे, की तो माणूस होण्याच्या वाटेवर नाहीच. साठ-सत्तर लाख वर्षांपूर्वी दोघांचा पूर्वज एक होता, आणि तेथून दोन शाखा आपापल्या वाटेने गेल्या.

३. खुराड्यातली मुलगी

३ एप्रिल १९३४ रोजी लंडनमध्ये जन्मलेल्या ह्या मुलीने चार-पाच वर्षांची असताना एक प्रयोग केला. एवढे मोठे अंडे कोंबडीच्या पोटातून निघते कोठून, ह्याचा उलगडा कोणी धडपणे करीना, तेव्हा ती खुराड्यात शिरून गवतात तासन्‌तास दबा धरून बसली. इकडे घरच्यांनी शोधाशोध करून आकाशपाताळ एक केले. मुलगी अंगाला काड्या चिकटलेल्या अशी परत आली, तेव्हा आईने तिला रागे न भरता तिची हकीकत पूर्ण ऐकून घेतली. ही आई, व्हॅन, पुढेही ह्या कथेत येणार आहे.

विद्यापीठात घालण्याइतका पैसा घरात नव्हता. जेनने चिटणिशीचे शिक्षण घेतले, नोकऱ्या केल्या, हॉटेलात गिऱ्हाइकांना वाढण्याचे काम करून बोटीच्या भाड्यापुरते पैसे साठविले, आणि १९५७ साली एका शाळूसोबतिणीच्या निमंत्रणावरून केनिया गाठले. तेथे नैरोबीच्या संग्रहालयाचे प्रमुख, प्राचीन मानवाच्या अश्मीभूत अस्थींचे संशोधक लुई लीकी ह्यांनी तिला आपल्या दफ्तरी ठेवून घेतले. लीकींचा तर्क असा होता, की हाडांवरून आपल्या पूर्वजांचा देह कळतो, वर्तन कळत नाही. ते ताडावयाचे तर त्यांच्या आजच्या आप्तांना, म्हणजे महाकपींना, जंगलात जाऊन पाहिले पाहिजे. ह्या कामास त्यांना पढीक विद्वान नको होता. पुस्तकी सिद्धान्तांनी जिची दृष्टी आधीच ठरून गेलेली नाही आणि जिच्या ठिकाणी अपरंपार सोशिकपणा आहे, अशी व्यक्ती हवी होती. नंतर ह्याच लीकींनी गोरिलांसाठी डायन फॉसी ह्यांना आणि ओरांगउटानांसाठी बिरुटे गाल्डिकास ह्यांना पाठविले. तिघीही स्त्रिया, आणि तिघींनी त्या कामी आयुष्य वाहिले; फॉसीबाईंचा तर १९८५ च्या डिसेंबरात रवांडातील त्यांच्या कुटीत खून झाला.

४. गोंबेच्या माथ्यावर

टांगानिका सरोवराच्या पूर्व तीरावरील गोंबे हे राखीव जंगल त्या काळी ब्रिटिशांच्या अमलाखाली होते, आणि सव्वीस वर्षांच्या अविवाहित स्त्रीस रानात एकटीने राहण्याचा परवाना देण्यास तेथील अंमलदार राजी होईनात. सोबतीस कोणीतरी हवे, असा हुकूम निघाला. तेव्हा आईच सोबतीस आली! १४ जुलै १९६० रोजी मायलेकी एका स्वयंपाक्यासह गोंबेच्या किनाऱ्यास लागल्या. जवळचा पैसा सहा महिन्यांपुरता, आणि तोही अमेरिकेतील एका हत्यारांच्या कारखानदाराने दिलेला. किनाऱ्यावर डागा नावाची बारीक मासळी वाळत घालणाऱ्या कोळ्यांसाठी व्हॅनबाईंनी छोटासा दवाखाना थाटला, त्यामुळे ह्या परक्या बायकांविषयीचा संशय हळूहळू मावळला. पुढे मायलेकी दोघीही हिवतापाने अंथरुणास खिळल्या.

चिंपांझी मात्र पाचशे यार्डांवरून दिसताच पळून जात. तेव्हा गुडालबाईंनी त्यांचा पाठलाग सोडून दिला. एका उंच माथ्यावर त्यांनी पत्र्याची पेटी नेऊन ठेवली; तीत किटली, कॉफी, घोंगडी, एखादा लोकरी अंगरखा. रोज एकाच रंगाच्या साध्या कपड्यांत, रोज तेथेच, दोन्ही दऱ्यांवर नजर ठेवून बसावयाचे. आपण दिसतो आहोत, पण अंगावर धावून जात नाही, एवढे त्या प्राण्यांच्या ध्यानी येईपर्यंत महिने गेले. सर्वांआधी भीड चेपली ती पांढुरक्या हनुवटीच्या एका नराची. त्याचे नाव त्यांनी डेव्हिड ग्रेबिअर्ड ठेविले.

मुदत सरत आली असता दोन गोष्टी घडल्या. ऑक्टोबरच्या अखेरीस हा डेव्हिड रानडुकराचे पिलू खाताना दिसला. चिंपांझी केवळ फलाहारी आहेत ही समजूत तेथे गळून पडली. आणि ४ नोव्हेंबर रोजी तो एका वारुळाशी बसलेला आढळला. हातात गवताची लांब काडी, ती वारुळाच्या छिद्रात अलगद सोडलेली. थोडा वेळ थांबून बाहेर काढली तेव्हा तिला वाळवीचे किडे चावून लोंबकळत होते, ते त्याने ओठांनी टिपून घेतले. ऐरोली-गोठिवलीच्या खाजणात बिळातली चिंबोरी लोखंडी आकडीने बाहेर ओढणारा कोळी ज्याने पाहिला आहे, त्यास ही युक्ती चटकन उमगेल. फरक एवढाच, की आकडी चिंबोरीला ओढते आणि येथे वाळवीच शत्रू समजून काडीला कडकडून चावते. पुढच्या काही दिवसांत चिंपांझी पालेदार डहाळी तोडतात, पाने ओरबाडून काढतात, आणि अशी साफ केलेली काठी मग वापरतात, हेही दिसून आले.

ह्यात एवढे नवल कसले? नवल असे, की वस्तू वापरणे आणि वस्तू घडविणे ह्यांत भेद आहे. समुद्रातला पाणमांजर दगडावर शिंपले फोडतो, पण दगड घडवीत नाही. हत्यार घडविणारा तो मनुष्य, अशी त्या काळी मनुष्याची व्याख्याच होती. पाने ओरबाडलेली एक डहाळी त्या व्याख्येच्या आड आली, आणि तार मिळताच लीकींनी आनंदाने कळविले, की आता एक तर हत्याराची व्याख्या बदला, नाही तर माणसाची, नाही तर चिंपांझींना माणसांत घ्या. सहा महिन्यांच्या पैशाचे पुढे पासष्ट वर्षांचे काम झाले ते ह्या डहाळीमुळे.

५. आकडा की नाव?

कोणतीही पदवी हाती नसताना १९६२ साली केंब्रिजने गुडालबाईंना थेट डॉक्टरेटसाठी प्रवेश दिला, आणि तेथील पंडितांनी पहिल्याच झटक्यास सांगितले, की प्राण्यांस नावे देणे अशास्त्रीय आहे. त्यांना क्रमांक द्यावेत. नाव दिले की माया जडते, माया जडली की निरीक्षण गढुळते, असा त्यांचा युक्तिवाद. तो अगदीच टाकाऊ नव्हता. परंतु तो सार्वत्रिकही नव्हता. जपानात किंजी इमानिशी आणि त्यांचे शिष्य १९४० नंतरच्या दशकाच्या अखेरीपासून माकडांना नावे देऊनच अभ्यास करीत होते; १९५३ साली रताळी धुऊन खाण्याची चाल सुरू करणारी कोशिमा बेटावरची ‘इमो’ ही माकडीण त्या नावानेच शास्त्राच्या इतिहासात राहिली. त्याच परंपरेतले युकिमारू सुगियामा १९६१ साली आपल्या शेजारी, धारवाडच्या जंगलात, वानरांचा अभ्यास करावयास आले, आणि टोळीचा ताबा घेणारा नवा नर आधीची पिले मारून टाकतो ही अप्रिय गोष्ट त्यांनी तेथे नोंदविली. कोणता नर नवा, कोणते पिलू कोणाचे, हे ओळखल्यावाचून अशी नोंद होऊच शकत नाही.

मुद्दा तेथेच आहे. फ्लो नावाची एक वयस्क मादी गोंबेत होती, फाटक्या कानांची, फुगऱ्या नाकाची, पण आई म्हणून असामान्य. तिचा धाकटा मुलगा फ्लिंट वयात येऊ लागला तरी तिच्या पाठीवरून उतरेना. १९७२ साली ओढ्याकाठी फ्लो मरण पावली. फ्लिंट आठ वर्षांचा, स्वतःचे अन्न स्वतः मिळविण्यास समर्थ. पण त्याने खाणे टाकले, माणसा-चिंपांझींना टाळले, आणि तीन-साडेतीन आठवड्यांत आई जेथे मेली त्या जागेजवळच तो मेला. ह्याला शोक म्हणावे की नाही ह्यावर विद्वानांनी खुशाल वाद घालावा. परंतु ज्याच्या वहीत केवळ ‘एक मादी मृत, एक अल्पवयीन नर मृत’ एवढेच लिहिलेले असेल, त्याच्यापुढे तो वाद उभाच राहिला नसता.

गंमत अशी, की आज ही रीत इतकी रुळली आहे, की मुंबईच्या निसर्ग इतिहास संस्थेने २०२२ साली आपल्या खाडीतल्या सहा रोहित पक्ष्यांच्या पाठीवर उपग्रहाशी संधान असलेली यंत्रे बसविली, तेव्हा त्यांतल्या एकास पक्षितज्ज्ञ हुमायुन अब्दुलअलींचे, दुसऱ्यास निसर्ग-अभ्यासक मॅक्कॅन ह्यांचे आणि एकास चक्क ‘नवी मुंबई’ हे नाव दिले. त्यावर कोणी आक्षेप घेतल्याचे ऐकिवात नाही.

६. केळी, रॉकेलचे डबे आणि लढाई

ह्या पद्धतीत दोष नव्हते असे मात्र नाही, आणि चरित्रकार ते लपवितात हे मला पसंत नाही. चिंपांझी जवळ यावेत म्हणून गुडालबाईंनी छावणीत केळी ठेवण्यास आरंभ केला. प्राणी आले, पुष्कळ आले, आणि आयत्या फळांवरून भांडू लागले. नैसर्गिक वर्तन पाहावयास गेलेल्या अभ्यासकाने स्वतःच अनैसर्गिक बाजार भरविला. पुढे ही खिरापत पुष्कळ कमी केली गेली. छावणीतल्या वस्तूंचाही परिणाम झालाच. माइक नावाच्या एका दुय्यम नराने रॉकेलचे रिकामे डबे खडखडवीत पुढे ढकलून असा धुमाकूळ घातला, की अंगावर हात न टाकता तो टोळीचा म्होरक्या झाला. बुद्धीचे हे उदाहरण थोरच; पण डबे माणसाचे.

१९७४ ते १९७८ ह्या काळात गोंबेत जे घडले, त्याचा ठपका काहींनी केळ्यांवरच ठेवला. मूळ टोळी फुटून उत्तरेस कासाकेला व दक्षिणेस कहामा अशा दोन टोळ्या झाल्या होत्या. जानेवारी १९७४ मध्ये उत्तरेकडच्या नरांनी हद्द ओलांडून दक्षिणेच्या गोडी नावाच्या नरास गाठले आणि मरणप्राय झोडपले. हा प्रकार हिलाली मातामा ह्या टांझानियन निरीक्षकाने प्रत्यक्ष पाहिला. त्यापुढच्या चार वर्षांत कहामाचे सारे प्रौढ नर नाहीसे झाले. त्यांत गोलायथ होता, जो पूर्वी अखंड टोळीचा म्होरक्या आणि डेव्हिडचा सोबती होता. मारणारे त्याला लहानपणापासून ओळखत होते. गुडालबाईंनी हे जसेच्या तसे प्रसिद्ध केले. आपल्या लाडक्या प्राण्यांची अशी बदनामी करू नका, असे सांगणारे हितचिंतकही होतेच; परंतु ज्या बाईंवर मायेचा आरोप होता, त्यांनी नोंदवहीतले एक पानही गाळले नाही. पुढे केळी न घातलेल्या इतर जंगलांतही चिंपांझींच्या टोळ्या परस्परांस ठार मारतात असे आढळून आले.

१९७५ साली सरोवरापलीकडून आलेल्या सशस्त्र बंडखोरांनी गोंबेतील चार विद्यार्थ्यांना पळवून नेले. खंडणी देऊन ते सुटले. परदेशी विद्यार्थ्यांचा राबता त्यानंतर थांबला, आणि रोजची नोंद ठेवण्याचे काम आसपासच्या गावांतल्या टांझानियन निरीक्षकांच्या हाती आले. ते त्यांनी खंड न पाडता चालविले आहे.

७. पाच वर्षांनी एक बाळ

आता हिशेब. गोंबेतल्या वह्यांवरून असे कळले, की चिंपांझी मादीस पहिले बाळ साधारणतः तेराव्या-चौदाव्या वर्षी होते, आणि पुढचे सुमारे पाच वर्षांनी. एखादी मादी चाळीस वर्षे जगली असे धरू. चौदा, एकोणीस, चोवीस, एकोणतीस, चौतीस, एकोणचाळीस: फार तर सहा बाळंतपणे. त्यांतली काही बाळे लहानपणीच दगावतात. फ्लोची मुलगी फिफी हिला नऊ बाळे झाली, पण ती विरळा. चिंपांझीचे बाळ पकडून विकणारा शिकारी आधी आईला गोळी घालतो, कारण आई ते सोडीत नाही. म्हणजे बाजारात एक बाळ आले की जंगलातली एक आई आणि तिची पुढची सर्व बाळे वजा झाली. विसाव्या शतकाच्या आरंभी आफ्रिकेत दहा लाखांहून अधिक असावेत असे मानले जाणारे चिंपांझी आज अदमासे एक लाख सत्तर हजार ते तीन लाखांवर का येऊन ठेपले, हे ह्या वजाबाकीवरून कळते. जंगलतोड आणि मांसासाठी होणारी शिकार ह्यांची भर त्यात वेगळी.

८. जंगलाबाहेर

१९८६ साली शिकागोत चिंपांझींच्या अभ्यासकांची परिषद भरली. गुडालबाई तेथे आपला मोठा शास्त्रीय ग्रंथ नुकताच प्रसिद्ध करून, एक शास्त्रज्ञ म्हणून गेल्या. प्रत्येक जंगलाचा अभ्यासक उठून आपल्या भागातली झाडे आणि प्राणी कसे संपत आहेत हे सांगू लागला. प्रयोगशाळांतील अरुंद पिंजऱ्यांची चित्रेही दाखविली गेली. त्या परिषदेहून परतल्या त्या जंगलात मुक्काम करण्याचा विचार सोडूनच. तेथून पुढे वर्षातले तीनशे दिवस प्रवास. ज्या स्त्रीला एका माथ्यावर बसून राहण्यात जगातले सर्व सुख होते, तिने विमानतळ पतकरले, ह्यातला त्याग मला हत्याराच्या शोधाहून मोठा वाटतो. प्रयोगशाळांविरुद्धचा लढा रेंगाळला, पण २०१५ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने चिंपांझींवरील प्रयोगांचे खाते बंद केले.

गोंबेचे स्वतःचे काय? जेमतेम पस्तीस चौरस किलोमीटरांचे हे जंगल १९६८ पासून राष्ट्रीय उद्यान होते. पण विमानातून खाली पाहता त्याच्या हद्दीबाहेरच्या टेकड्या उघड्याबोडक्या दिसल्या. सरपण आणि शेती ह्यांवाचून गावकऱ्यांना गत्यंतर नव्हते. तेव्हा १९९४ साली ‘टाकारे’ नावाची योजना सुरू झाली, आणि तिचे शहाणपण असे, की झाडे लावा म्हणून उपदेश करण्याआधी गावांत जाऊन तुम्हांस काय हवे ते विचारले गेले. उत्तरे आली ती पाणी, दवाखाना, शाळा ह्यांची. ती कामे झाली, बायकांना लहान कर्जे मिळाली, मुलींना शिष्यवृत्त्या मिळाल्या. मग गावकऱ्यांनी उपग्रहाच्या चित्रांवर आपल्याच हाताने आपल्या जमिनींचे नकाशे आखून कोणता उतार राखावयाचा हे ठरविले. त्याआधी, १९९१ साली, दार-एस-सलाममध्ये बारा विद्यार्थ्यांनिशी सुरू झालेली ‘रूट्स अँड शूट्स’ ही मुलांची चळवळ आज भारतासह अनेक देशांत चालू आहे.

९. आपल्याकडचा कपी

महाराष्ट्रात कपी नाही. भारतात एकच आहे, हूलॉक गिबन, आणि तो महाकपींपेक्षा लहान. नर काळा, मादी तांबूस पिंगट, दोघांच्याही भुवया पांढऱ्या. सकाळी नर-मादी मिळून जी साद घालतात ती मैलभर ऐकू येते. आसामातील जोरहाटजवळचे होलोंगापार अभयारण्य हे त्याचे प्रसिद्ध घर, क्षेत्र सुमारे एकवीस चौरस किलोमीटर, भोवती चहाचे मळे, आणि मधून आगगाडीचा रूळ. हा प्राणी फांद्यांवरूनच हिंडतो, जमिनीवर सहसा उतरत नाही. त्यामुळे रुळाच्या दोन्ही बाजूंच्या फांद्या एकमेकींना भिडत नसतील तर त्याच्या लेखी तेथे जंगल संपते. रुळांवरून पूल टाकून दोन्ही बाजू जोडण्याचे प्रयत्न चालू आहेत. हा पूल नेमका कोणत्या झाडापासून कोणत्या झाडापर्यंत टाकावा, हे ठरवावयाचे तर पलीकडच्या तुकड्यात कोणती कुटुंबे राहतात, त्यांची पोरे वयात येऊन जोडीदाराच्या शोधात कोणत्या बाजूस येतात, आणि रूळ दिसताच कोणत्या फांदीवरून माघारी वळतात, हे कोणीतरी खाली बसून, मान वर करून, आधी लिहून ठेवलेले असावे लागते.